सोयाबीनच्या दिवसांतला ढोलक

सोयाबीन वाळायला लागलं की केनवडची हवा बदलते. पानं पिवळी होऊन गळतात, शेतात नुसत्या शेंगा उभ्या राहतात, आणि दुपारच्या वाऱ्यात त्या बारीक खुळखुळत असतात. परवा सकाळी दूध घ्यायला बाहेर पडले तर रस्त्याकडेच्या वावरातून तोच खुळखुळाट आला आणि माझी बोटं पदराखाली आपोआप हलायला लागली. दूधवाल्यानं ते पाहिलं. म्हणाला, "सिस्टर, हाताले काही झालं का?" मी म्हटलं, "काही नाही रे, सोयाबीन आलं." त्याला काय कळलं कोण जाणे. तो बिचारा दूध मोजून पुढं गेला.

मी या भागात तीस-पस्तीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाले तरी लोक सिस्टरच म्हणतात. गावातल्या निम्म्या तरुणांच्या दंडावर माझ्या हातची खूण आहे, त्यामुळे मिशा फुटलेली पोरंसुद्धा मला पाहून मोटरसायकल हळू करतात. लोकांना रांगेत उभं करणं, नावं पुकारणं, वेळ न पाळणाऱ्यांना झापणं, यात माझं आयुष्य गेलं. घरीही फारसं वेगळं नाही. माझे यजमान शाळेत क्लार्क होते, तेही आता घरीच असतात. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या घरचा कुकर हिच्या धाकानंच शिट्टी देते." अशा बाईच्या मांडीवर गेल्या वर्षी, याच दिवसांत, पंचेचाळीस वर्षांनी ढोलक आला. आणि ज्यांच्या सोबत तो वाजवायचा होता त्यांतली एकही बाई माझ्या रांगेत उभी राहायला तयार नव्हती.

आमच्या वस्तीतल्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं आणि वाचनानंतर बायांची गाणी. गाणाऱ्या दहा-बारा जणी. त्यांच्यात पुढं कमलबाई. तिचं दोन एकर स्वतःचं, बाकी दिवस दुसऱ्यांच्या वावरात. वय माझ्याएवढंच, आवाज मात्र माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. पेटीवर रंजना, आमची अंगणवाडीची सेविका. आणि ताल म्हणजे टाळी. श्रावणात ती टाळी अशी पडते की पत्र्यावरच्या पावसानं ऐकत राहावं. पण सोंगणी, म्हणजे सोयाबीनची कापणी, लागली की तीच टाळी मऊ पडते. वाळलेल्या शेंगेला टोक असतं. विळ्यानं कापायला मूठ आवळावी लागते आणि प्रत्येक मुठीला ती टोकं तळहातात शिरतात. बाया बोटांना चिंध्या बांधतात, पोरांचे जुने मोजे हातात घालतात, तरी आठ दिवसांत हात सोलून निघतो. त्या हातानं टाळी वाजवायची कशी? वर्षावासाची सांगता जवळ येते आणि नेमकं तेव्हाच गाणं थकतं, असं म्हणे दरवर्षी होत आलं. मी इतकी वर्षं त्या हातांना मलम देत होते. त्या हातांपायी गाणं अडतं, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी कमलबाई मलमच मागायला आली. डबी घेतली, पण उठेना.

"सिस्टर, तुमी लहानपणी ढोलक वाजवत होत्या म्हंतात."

"कोणं सांगतलं?"

तिनं माझ्या यजमानांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. पेपर थोडा आणखी वर गेला.

"मले नाही जमत आता," मी म्हटलं.

"काहून नाही जमत? सुई तं अजून एका दमात टोचता." तिनं दोन्ही तळहात माझ्यापुढं धरले. "हे पाहा. सांगतेले वीस रोज राह्यले. टाळी नसली तं गाणं लंगडते. या ना तुमी."

मी ‘पाहू’ म्हटलं. ती गेल्यावर मी भांडी घासायला घेतली आणि पातेल्याच्या बुडावर केरव्याचा ठेका वाजवून पाहिला. पहिल्या चार मात्रा बरोबर पडल्या. पाचवी चुकली आणि मी एकटीच हसले.

माझं माहेर मालेगावच्या बाजूचं. बाबांची गायन पार्टी होती. पाच माणसं, एक पेटी, एक बेंजो, एक ढोलक. उन्हाळ्यात जयंतीचे कार्यक्रम असत, तेव्हा त्यांना फुरसत नसे. एका वर्षी ढोलकवाल्या काकांना गालफुगी झाली आणि कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर आला. बाबांनी मला हाक मारली आणि ढोलक पुढं सरकवला. मी बारा वर्षांची होते. पिठाच्या डब्यावर मी त्यांची सगळी गाणी वाजवते, हे त्यांना माहीत होतं आणि आजवर ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. त्या कार्यक्रमात फ्रॉकवर आईचा दुपट्टा घेऊन मी बसले. ढोलक एवढा मोठा की माझा डावा हात टोकापर्यंत पोचेना. मग बेंजोवाल्या काकांनी आपली पिशवी माझ्या मांडीखाली सरकवली आणि मी उंच झाले. पुढं चार वर्षं मी त्या पार्टीत वाजवलं. बैलगाडीत, टेम्पोत, एकदा तर भाजीच्या गाडीत टोपल्यांवर बसून गेलो. उन्हानं तापलेल्या चामड्याचा तो वास मला अजून येतो.

मग नर्सिंगला नंबर लागला. होस्टेल, ड्युटी, नोकरी, लग्न, दोन मुलं, बदल्या. ढोलक वाजवू नको असं मला कोणी म्हटलं नाही. बाबांनी नाही, सासरच्यांनीही नाही. कोणी मनाई केली असती तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं. तो आपला सुटला. शाळेतल्या मैत्रिणी सुटतात तसा. बाबा गेल्यावर त्यांचा ढोलक कोणी नेला, तेसुद्धा मला सांगता येणार नाही, आणि ही गोष्ट मला आज बोलतानाही लागते.

कमलबाई येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी यजमान आणि मी वाशीमला गेलो. दुकानदारानं विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, "नाही. आजीसाठी." त्यानं मग दोऱ्यांचा न दाखवता नटबोल्टचा ढोलक काढला, हा कसायला सोपा असतो म्हणाला, आणि सोबत एक पान्हा दिला. मी दुकानातच एक थाप मारली. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. परत येताना मोटरसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये ढोलक. प्रत्येक गतिरोधकाला तो यजमानांच्या पाठीवर आदळायचा. केनवड येईपर्यंत ते तीनदा म्हणाले, "लगन झालं तईपासून तू माह्या एवढी मांगं कदी बसली नाही." मी एवढी हसले की मागून येणारा ऑटोवालाही हसत पुढं गेला.

आता माझी चूक सांगते. ती चूक नर्सच करू शकते. मी घरी दार लावून सराव सुरू केला, तोही मोबाइलवर ठेका लावून. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, भिंतीवर वेळापत्रक. सकाळी उजव्या हाताचं एक बोट वळत नसे, त्याला कोमट पाण्यात बुडवून कामाला लावत असे. मोबाइलमधला ठेका कधी दमत नाही, कधी खोकत नाही, कधी त्याला घरी जाऊन भाकरी टाकायची नसते. पाच-सहा दिवसांत मी त्याच्यासारखी वाजवायला लागले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आणि तशीच मी विहारात जाऊन बसले. पहिलं गाणं कमलबाईनं स्वतः बांधलेलं होतं, सही करायला शिकलेल्या बाईचं. ‘अंगठ्याची शाई धुतली गं बाई, नाव माझं मी लिहिलं,’ असं त्याचं धृपद. रंजनानं पेटीवर सूर धरला, बायांनी ओळ उचलली, मी ठेका धरला. धरला म्हणजे असा धरला की सोडलाच नाही. गाणं कुठं चाललं ते मी पाहिलं नाही. बाया दुसऱ्या ओळीवर होत्या तेव्हा मी तिसरीवर पोचले होते. मागच्या दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कमलबाई थांबली.

"सिस्टर, तुमची गाडी सुटून राह्यली का?"

"तुमी दुसऱ्या ओळीले हळू होता," मी म्हटलं. "ठेका बरोबर आहे माझा."

"होतोच हळू. तिथं दम घ्या लागते. आमी काय मशीन आहो?"

मी ऐकायला हवं होतं. त्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी सरावाची वेळ कागदावर लिहून विहाराच्या दाराला लावली, साडेपाच म्हणजे साडेपाच. साडेपाचला मी आणि ढोलक दोघंच होतो. बाया सव्वासहाला आल्या. सोंगणी गुत्त्यानं घेतलेली, वावर संपल्याशिवाय घरी येता येत नाही. केसांत काड्या, पायांवर धूळ, काहींनी तर तोंडही धुतलं नव्हतं. आणि मी त्यांना वेळेवरून बोलले. लसीकरणाच्या दिवशी बोलायचे त्याच आवाजात बोलले.  कमलबाई फक्त शांतपणे म्हणाली, "सिस्टर, राहू द्या. आमी टाळीवरच म्हणू. हात दुखला तं दुखला."

मी घरी आले आणि ढोलक कपाटावर ठेवून दिला. यजमानांनी चहा केला. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते कळलं. मला राग आला आहे असं मी आधी धरून चालले होते. पण चहा पिता पिता रडूच आलं. सांगतेला वाजवायला मिळावं, लोकांनी पाहावं, एवढंच ते नव्हतं. मला त्या बायांमध्ये बसायचं होतं. दहा-बारा माणसं एक गोष्ट मिळून करतात आणि त्यात आपला एक हात असतो, हे मी बाराव्या वर्षी चाखलं होतं. त्यानंतर मी माणसांसाठी खूप केलं, पण माणसांच्या सोबत काही केल्याचं फारसं आठवत नाही. आणि आता साठीनंतर ते पुन्हा हाताशी आलं होतं, तर मी ते कागद चिकटवून घालवलं.

दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, रिसोडच्या बाजूनं आभाळ काळं झालं. परतीच्या पावसाची भीती आमच्याकडे पेरणीच्या पावसाच्या वाटेपेक्षा मोठी. कापलेलं सोयाबीन भिजलं की वर्षाचं पीक काळं पडतं. रंजना अंगणवाडी बंद करून धावत जाताना दिसली. "कमलबाईची गंजी उघडी हाये!" ती ओरडली. मीही चप्पल घालून निघाले. माझं वय, माझे गुडघे, सगळं रस्त्यात कुरकुरलं, पण पोचले.

वावरात सात-आठ जणी आधीच होत्या. कापून रचलेल्या सोयाबीनच्या त्या गंजीवर ताडपत्री टाकायची होती आणि वारा ती उडवत होता. मी सवयीनं सूचना द्यायला लागले, तुमी इकडून धरा, तुमी तिकडून, एक, दोन, तीन म्हटलं की ओढा. माझा आवाज वाऱ्यात कुठं गेला ते मलाही कळलं नाही. कोणी मोजलं नाही. कमलबाईनं फक्त ‘हां’ म्हटलं आणि सगळ्यांनी मिळून ओढलं. तिनं पुन्हा ‘हां’ म्हटलं, पुन्हा ओढलं. मी दोनदा उशिरा ओढलं. तिसऱ्यांदा मी तोंड बंद केलं आणि शेजारणीच्या खांद्याकडे पाहिलं. तो हलला तशी मी हलले. माझा कोपरा बसला. टोकांवर दगड ठेवून आम्ही गंजीच्या आडोशाला बसलो आणि पहिले थेंब ताडपत्रीवर वाजायला लागले.

पीक वाचल्याचा आनंद असा असतो की त्यात कोणी शहाण्यासारखं वागत नाही. कोणी कोणाच्या ओल्या पाठीवर मारत होतं, कोणी शेवटच्या दगडावरून घसरलेल्या रंजनाची नक्कल करत होतं. मग कमलबाईनं तेच सहीचं गाणं सुरू केलं, बाकीच्या मागून आल्या. ढोलक नाही, टाळी नाही, नुसते आवाज. मी अगदी तिच्या समोर बसले होते. आणि मला तिचा गळा दिसला. ओळ संपायच्या जरा आधी गळ्याखालचा खळगा आत जायचा, खांदे वर यायचे, आणि मग पुढची ओळ यायची. दुसऱ्या ओळीला तो खळगा जास्त खोल जायचा. तिथं ओळच लांब होती.

माणसांचे श्वास मोजण्यात माझी नोकरी गेली. खाटेशी बसायचं, छाती वर किती वेळा येते ते पाहायचं, कागदावर लिहायचं. हे तर माझंच काम होतं आणि मी ते सोडून मोबाइल ऐकत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी विहारात गेले. दाराचा कागद आधी काढला. "कमलबाई, मी तुमच्या समोर बसते," मी म्हटलं. "तुमी दम घ्यान तसा मी घेईन." तिनं पदर सावरून थोडं सरकून घेतलं. मग म्हणाली, "बसा न. जागा तं आहेच." एवढंच. माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते, पण तोवर रंजनानं पेटी सुरू केली होती.

त्यानंतरचे दिवस मला अजून एकेक करून आठवतात. पाय सुजले म्हणून दोन्ही पाय लांब करून गाणारी एक आजी. मळणीयंत्राचा भुसा सगळ्यांच्या अंगावर, त्यामुळे मधूनच कोणाला तरी शिंक, आणि शिंकेनंतर गाणं बरोबर जिथल्या तिथं. एकदा मी ढोलकावर नवाच तोडा वाजवला तर कमलबाईनं गाता गाता भुवया उडवल्या, आणि मी दुसरा अख्खा दिवस त्या भुवयांवर खूश होते. गाणं जुळलं की पोटात काहीतरी सैल होतं. औषधाच्या पुस्तकात याला काही नाव असेल तर मला माहीत नाही. घरी परतताना मी रस्त्यानं गुणगुणत असे, आणि एके दिवशी यजमान म्हणाले, "कुकरनं आज चार शिट्ट्या जास्त देल्ल्या, तुय ध्यान कुठं आहे?" भात पार मऊ झाला होता. आम्ही तो आवडीनं खाल्ला.

आश्विन पौर्णिमेला विहार भरला होता. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, हातांना मलम लावून. बाहेर खिरीचं पातेलं चढलेलं. वंदना झाली, वाचनाची समाप्ती झाली, आणि गाणी लागली. पहिलं उत्तम गेलं. दुसरं त्याहून. तिसरं सहीचं. मी कमलबाईच्या गळ्याकडे पाहून वाजवत होते, हात आपले चालले होते. आणि मी वर पाहिलं. यजमान पहिल्या रांगेत मोबाइल धरून माझं चित्रीकरण करत होते, शेजारी मालेगावहून आलेला माझा भाऊ होता, आणि माझ्या मनात आलं, काय सुंदर वाजवतेय मी.

तेवढ्यात ताल गेला.

गेला म्हणजे पुरता गेला. हात हवेत राहिले. सम कुठली, ओळ कुठली, काही कळेना. एवढी मोठी शांतता माझ्या दोन तळहातांच्या मध्ये मी कधी पाहिली नव्हती.  मला वाटलं, झालं, आता उठून जावं.

पण गाणं थांबलं नव्हतं. कमलबाई धृपदावर आली होती. धृपद दोनदा म्हणायचं असतं. त्यांनी दोनदा म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं. लोकांना वाटलं असेल, रंगात आल्यात बाया. चौथ्यांदा म्हटलं. रंजनाची पेटी त्याच चार सुरांवर फिरत राहिली. कोणीही माझ्याकडे पाहत नव्हतं, आणि त्या दहा-बारा जणी माझ्यासाठी तिथंच घुटमळत होत्या. नाव माझं मी लिहिलं, नाव माझं मी लिहिलं. मी मान खाली घातली, डोळे पुसले नाहीत, नुसतं ऐकलं. पाचव्या वेळी ओळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून दम घेतला. तो मला ऐकू आला. मीही घेतला आणि थाप टाकली.

ती बरोबर पडली. बाया पुढच्या कडव्यात गेल्या.

नंतर खीर वाढताना मी कमलबाईजवळ गेले. म्हटलं, "माह्यं चुकलं. तुमाले चार-पाच बार धृपद म्हणा लागलं."

तिच्या हातात पळी होती, पुढं पोरांची गर्दी होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"त्यात काय चुकलं?" ती म्हणाली. "तुमाले सोडून कोणं जाईन पुढं?"